प्रदर्शनातली काचेची किटली आणि आप्पांचा पाय

जळगावला यंदा फेब्रुवारीत गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. तिथून कुणी काचेची चहाची किटली घेतली असेल, आत स्टीलची अरुंद जाळी असेल आणि खोक्यावर 'बोरोसिलिकेट (म्हणजे उष्णतेने सहसा न तडकणारी काच), गॅस सेफ' असं छापलेलं असेल, तर ती आधी गॅसवरून उतरवा. बाकीचं सावकाश वाचा.

आम्ही अमळनेरचे. माझे सासरे, आप्पा, दिवसाला सात-आठ कप चहा घेणारे. आपल्याकडचा चहा म्हणजे पातेल्यात आलं ठेचून, दूध-साखर घालून लालभडक होईस्तोवर उकळलेला. दिवाळीनंतर त्यांची साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी गोड चहा बंद केला. माझी नणंद बागडोग्र्याला असते, तिचे यजमान हवाई दलात आहेत. ती संक्रांतीला आली तेव्हा वडिलांसाठी दार्जिलिंगचा पानाचा चहा घेऊन आली. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चांगला लागतो म्हणाली. मी तो आपल्या सवयीने खळखळ उकळला. आप्पांनी एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला. "बेटा, हाऊ चहा शे का काढा? कडू जहर शे."

चूक चहाची नव्हती. आपण रोज वापरतो ती सीटीसी पूड. पान चिरडून, फाडून, वळवून दाणे केलेले असतात, म्हणून ती उकळून दुधात टिकते. पानाचा चहा अख्खा असतो. त्याच्यावर नुकतं उकळलेलं पाणी ओतायचं, तीन मिनिटं झाकायचं आणि पानं बाहेर काढायची. कपाला एक चमचा पुरतो. जास्त वेळ राहिला की तुरटपणा आणि कडवटपणा उतरतो. म्हणून किटली हवी, आणि आत पानं ठेवून सहज उचलता येईल अशी जाळी हवी. नणंदेने हे फोनवर नीट समजावलं आणि मी किटलीच्या शोधात राहिले.

भावकीतल्या एका लग्नाचा बस्ता फाडायला आम्ही जळगावला गेलो, तेव्हा संध्याकाळी ते प्रदर्शन पाहिलं. स्टॉलवरचा माणूस बोलायला फार गोड होता. ताई-ताई करत त्याने काचेची किटली छोट्या शेगडीवर ठेवली, पाणी उकळलं, खाली उतरवली आणि गरम काचेवर ग्लासभर गार पाणी ओतलं. काचेला काही झालं नाही. जमलेल्या बायका वाहवा करायला लागल्या. जर्मन टेक्नॉलॉजी, जाळी 304 स्टीलची, आयुष्यभर गंज नाही, वगैरे वगैरे. खोक्यावर 2,999 रुपये, आज फक्त 1,450. मी म्हटलं, हीच द्या. तो म्हणाला, "ताई, ही वापरलेली आहे, तुम्हाला नवी कोरी देतो." टेबलाखालून पट्टी मारलेलं खोकं काढून दिलं.

फसवणूक झाली ती इथेच. दाखवलेली किटली खरी होती, दिलेली दुसरी होती. दोन्हींचा आकार सारखा, मूठ सारखी, झाकणावरचा बांबूचा गोळाही सारखा. पावती मागितली तर वहीच्या कागदावर रक्कम लिहून शिक्का मारून दिला. पैसे मी क्यूआर कोड स्कॅन करून दिले, तेवढा एक पुरावा आज हातात आहे.

घरी आल्यावर एकेक खोट दिसू लागली. एक लिटर म्हणून घेतलेल्या किटलीत गळ्यापर्यंत भरूनही 720 मिलीच पाणी मावलं. जाळी इतकी आखूड की दोन कप पाणी घातलं तर तिचं टोक जेमतेम बुडे. पानं वर कोरडीच राहायची. ती अरुंदही होती. अख्खं पान पाण्यात उमलून कितीतरी पट फुगतं, त्याला हालायला जागा लागते, नाहीतर आतलं पान भिजतच नाही. ओतताना झाकण निसटायचं. आठवड्याने जाळीच्या जोडावर तांबूस ठिपके आले. देवघरातल्या डबीचं लोहचुंबक लावलं तर जाळी खटकन चिकटली. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. ते चुंबकाला सहसा ओढत नाही, फार तर वाकवलेल्या कडेला किंचित ओढ लागते. चुंबकाला धरणारं सगळंच स्टील वाईट नसतं, पण मला 304 सांगून विकलं होतं आणि ते 304 नव्हतं.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण आप्पांना तो चहा आता आवडायला लागला होता.

नवव्या दिवशी सकाळी त्यांचा कप ओतून झाला आणि ह्यांच्यासाठी मी त्याच गरम किटलीत माठातलं पाणी घालून ती गॅसवर ठेवली. जसं त्याने दाखवलं होतं तसंच. उकळी आली, उचलायला गेले आणि टक्कन आवाज होऊन तळ गोल सुटून खाली पडला. उकळतं पाणी ओट्यावरून खाली सांडलं. आप्पा शेजारी पाटावर बसले होते. त्यांचा उजवा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत भाजला. साखर असलेल्या माणसाची पायाची जखम म्हणजे काय असते ते ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत आहे. पाच आठवडे ड्रेसिंग चाललं. एक बोट काळं पडायला लागलं तेव्हा त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. बोट वाचलं.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. काचेचे तुकडे कागदात गुंडाळून आमच्या विज्ञानाच्या सरांकडे नेले. त्यांनी दोन वाट्यांत शेंगदाण्याचं तेल घेतलं. एकीत प्रयोगशाळेतल्या फुटलेल्या बोरोसिलिकेट परीक्षानळीचा तुकडा सोडला. तो तेलात दिसेनासा झाला. दुसरीत आमच्या किटलीचा तुकडा सोडला, तर त्याची कड न् कड दिसत होती. बोरोसिलिकेट काचेतून आणि खाद्यतेलातून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो, म्हणून ती काच तेलात हरवते. साध्या काचेचं तसं होत नाही. सर एवढंच म्हणाले, "मॅडम, हाई काच साधी शे."

ते पुढे म्हणाले की बोरोसिलिकेट काच खरोखरच जर्मनीत ओट्टो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार केली, म्हणजे त्या विक्रेत्याची निदान तेवढी गोष्ट खरी. ती तापली तरी साध्या काचेच्या जवळपास एक तृतीयांशच फुगते. साध्या काचेचा तळ ज्वाळेवर भराभर फुगतो, वरचा भाग गारच असतो आणि त्या ओढाताणीत ती तडकते. आम्ही नऊ दिवस ते टाइमबाँब चुलीवर ठेवत होतो.

आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची की पानाच्या चहाला किटली आगीवर ठेवावीच लागत नाही. पाणी पातेल्यात उकळायचं आणि किटलीत ओतायचं. 'गॅसवर चालते' या गुणाची मला गरजच नव्हती. अस्सल बोरोसिलिकेटची किटलीसुद्धा बनवणाऱ्याने तसं लिहून दिलं नसेल तर थेट ज्वाळेवर ठेवू नये, आणि रिकामी तर कधीच नाही. जपानी म्हणून विकतात त्या आतून मुलामा दिलेल्या बिडाच्या किटल्यांचंही तेच. त्या फक्त चहा मुरवायला असतात, आगीवर मुलामा तडकतो.

प्रदर्शन केव्हाच उठलं होतं. पावतीवरचा नंबर बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, तक्रार नोंदवली गेली, पण त्यांना विक्रेत्याचं नाव-पत्ता हवा होता आणि तोच माझ्याकडे नव्हता. खोक्यावर बनवणाऱ्याचं, आयात करणाऱ्याचं नाव नाही, देश नाही. पॅकबंद मालावर हे छापणं 2011 च्या नियमांनी सक्तीचं आहे, म्हणून खोक्याचे फोटो वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे दिले आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत दाद मागता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, म्हणून तोही अर्ज तयार केला आहे. क्यूआर कोडवर पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव बँकेच्या उताऱ्यात आहे.

तुम्ही घेणार असाल तर खोकं दुकानातच उघडायला लावा आणि तुमच्या हातात येणाऱ्या किटलीतच उकळतं पाणी ओतायला सांगा. तो तयार नसेल तर निघून या. जाळी रुंद आणि तळाजवळ पोचणारी हवी. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्या. मला विचाराल तर पांढऱ्या चिनीमातीची, रुंद तोंडाची किटली बरी. सध्या आम्ही झाकणाच्या पातेलीत चहा मुरवतो आणि साध्या गाळणीने गाळतो. आप्पा सकाळी एकच कप घेतात, पाटावर न बसता बाहेर ओसरीवर.

परवा जळगावच्या मैत्रिणीने सांगितलं, त्याच मैदानावर पुन्हा मांडव पडतोय. मी पहिल्याच दिवशी जाणार आहे. काचेचा तुकडा आणि ती पावती पिशवीत घालून ठेवली आहे.