‘सलाम बॉम्बे!’ : पाचशे रुपयांचा हिशेब

मोठ्या भावाची मोटारसायकल पेटवून दिल्याबद्दल आईने सर्कशीत नेऊन सोडलेला आणि नुकसानीचे पाचशे रुपये मिळवल्याशिवाय घरी यायचे नाही, अशी तंबी मिळालेला कृष्णा एके दिवशी मालकाने सांगितलेले काम उरकून परततो, तेव्हा सर्कस आपला बाडबिस्तारा आवरून निघून गेलेली असते. हाती असलेल्या पैशांत तो जवळच्या मोठ्या शहराचे तिकीट काढतो आणि ते शहर मुंबई निघते. मीरा नायर यांच्या १९८८ सालच्या ‘सलाम बॉम्बे!’ची ही सुरुवात काही मिनिटांतच आटोपते. पुढचे जवळजवळ दोन तास मात्र त्या पाचशे रुपयांवरची नजर चित्रपट हटू देत नाही आणि माझ्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे.

रस्त्यावरच्या मुलांवरचे चित्रपट बहुधा कणव मागतात. सूनी तारापोरवाला यांची पटकथा तसे करत नाही. तिच्या लेखी ही मुले कमावती माणसे आहेत. ग्रँट रोड आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरात कृष्णा चहा पोहोचवतो, कोंबड्या सोलतो, लग्नात वाढप्याचे काम करतो, वेळ आली तर चोरीतही सामील होतो आणि यातल्या प्रत्येक कामाचा मोबदला किती, कोणी बुडवला, किती शिल्लक राहिला, याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. त्याचे नावसुद्धा त्याच्या कामानेच गिळून टाकले आहे. सगळे त्याला ‘चायपाव’ म्हणतात. गावी आईला पत्र लिहून घेण्यासाठी तो पत्रलेखकापुढे बसतो, तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते, नसतो तो पुरता पत्ता. पत्रलेखकाच्या त्या चिमुकल्या भूमिकेत तरुण इरफान खान दिसतो आणि एखाद-दोन मिनिटांच्या त्या प्रसंगात मुलाचे घर किती दूर गेले आहे, हे कोणी न सांगता कळते.

ही सहजता आपोआप आलेली नाही. चित्रीकरणापूर्वी रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी नाट्यदिग्दर्शक बॅरी जॉन यांच्या मार्गदर्शनाखाली नाट्यकार्यशाळा घेण्यात आली आणि पडद्यावरची बहुतेक मुले त्यातूनच निवडली गेली. कृष्णाची भूमिका करणाऱ्या शफीक सय्यदला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या अभिनयात एकही ‘गोड’ क्षण नाही, ही त्या पुरस्काराहून मोठी पावती. रात्री लग्नातले काम आटोपून परतणारी मुले रिकाम्या रस्त्यावर जुने सिनेमाचे गाणे बेसूर गात चालतात, तो प्रसंग मुद्दाम लक्ष देऊन पाहावा. घटकाभर ती फक्त मुले असतात. त्याच वाटेवर पोलीस कृष्णाला आणि वस्तीतल्या रेखा या वेश्येच्या छोट्या मुलीला, मंजूला, उचलतात आणि दोघांची रवानगी वेगवेगळ्या सरकारी संस्थांत होते.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर विकणारा आणि स्वतःही त्याच्या आहारी गेलेला चिलीम रघुवीर यादव यांनी साकारला आहे. सराईत नट असूनही ते त्या मुलांत वेगळे दिसत नाहीत. ऐंशीच्या दशकातली मुंबई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘गर्दुल्ला’ हा शब्द आणि त्या शब्दामागचा चेहरा आठवत असेल; तो चेहरा इथे आहे. कृष्णाला मायेने जवळ घेणारा हाच चिलीम त्याचे साठवलेले पैसे चोरतो आणि तरीही प्रेक्षकाला त्याचा राग येत नाही. नाना पाटेकरांचा बाबा हा गर्दचा व्यापारी, रेखाचा सोबती आणि मंजूचा बाप. लेकीशी लाडाने खेळताना आणि पुढच्याच क्षणी रेखाला धाकात ठेवताना त्यांचा आवाज फारसा बदलत नाही, म्हणून तो अधिक भीतिदायक वाटतो. रेखाच्या भूमिकेत अनिता कंवर यांनी आई आणि वेश्या असे दोन कप्पे पाडले नाहीत, हेही नमूद करायला हवे.

सँडी सिसेल यांचा कॅमेरा बराच वेळ मुलांच्या उंचीवर राहतो, त्यामुळे जिने, कठडे आणि मोठ्यांचे पाय यांतूनच वस्ती दिसत राहते. एल. सुब्रमण्यम यांचे संगीत मात्र काही ठिकाणी नको इतके हळवे होते. जिथे रस्त्याचा गोंगाट पुरला असता, तिथे व्हायोलिन पुढे येते. सोळा साल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, विकून आणलेल्या नेपाळी मुलीचे उपकथानकही कृष्णाच्या नजरेपलीकडे फारसे जात नाही. तिला सोडवण्याची त्याची धडपड मन लावून दाखवली आहे. खुद्द तिच्या मनात काय चालले आहे, हे शेवटपर्यंत धूसरच राहते.

कान महोत्सवात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ओर’ पुरस्कार, पुढे ऑस्करचे नामांकन, असा या चित्रपटाचा गौरव झाला, आणि त्याच्याच पाठोपाठ रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला. शफीक मात्र पुढे बेंगळुरूत रिक्षा चालवू लागला, ही बातमी ज्यांनी वाचली असेल, त्यांना हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना त्याच्या डोळ्यांतला तो हिशेब अधिकच बोचेल.

शेवटाविषयी माझी तक्रार आहे. इतका वेळ पैशापैशाने पुढे सरकणारी गोष्ट अखेरीस कृष्णाच्या हाती सुरा देते आणि बाबाच्या खुनाने हिंदी सिनेमाच्या परिचित वळणावर येते. पण त्यानंतर गणपती विसर्जनाच्या गर्दीत रेखाचा हात सुटतो. ढोल, गुलाल, माणसांचा लोंढा, आणि त्यातून बाहेर फेकला गेलेला कृष्णा एका पायरीवर एकटा बसतो, खिशातून लाकडी भोवरा काढून त्याला दोरी गुंडाळू लागतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही.