उत्पन्न डगमगलेल्या वर्षानंतरचे गृहकर्ज: बँक, वित्त कंपनी की वर्षभर थांबणे?

व्यवसाय करणाऱ्या किंवा कामागणिक पैसे मिळणाऱ्या माणसाचे एखादे वर्ष कोलमडते आणि नेमके त्याच्याच पुढच्या वर्षी घरात घर घेण्याचा विषय निघतो. नागपुरात कर-विवरणपत्रे आणि कर्जाच्या फायली तयार करताना मला अशी माणसे नेहमी भेटतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न 'सध्या कोणाचा व्याजदर कमी आहे?' हा असतो. माझ्या मते तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. कर्ज देणारी संस्था तुमचे कोणते वर्ष हिशेबात धरणार आहे, हे आधी कळले पाहिजे, कारण मंजूर होणारी रक्कम त्यावर ठरते आणि दराचा विषय त्यानंतर येतो.

मानेवाड्याकडे राहणाऱ्या आणि फर्निचर व अंतर्गत सजावटीची कामे ठेक्याने घेणाऱ्या एका गृहस्थांचे आकडे उदाहरणासाठी घेऊ. त्यांच्या तीन विवरणपत्रांत ८ लाख ६० हजार, ९ लाख २० हजार आणि शेवटच्या वर्षी ४ लाख १० हजार असे उत्पन्न होते. तिन्ही वर्षांची सरासरी धरली तर महिन्याला सुमारे ६०,८०० रुपये होतात, शेवटच्या दोन वर्षांची धरली तर ५५,४०० आणि फक्त शेवटचे वर्ष धरले तर जेमतेम ३४,२००. हप्त्यांसाठी उत्पन्नाचा निम्मा भाग मोकळा मानला आणि त्यातून गाडीच्या कर्जाचा चालू असलेला ६,००० रुपयांचा हप्ता वजा केला, तर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी पहिल्या हिशेबात सुमारे २८ लाख, दुसऱ्यात २५ लाख आणि तिसऱ्यात पावणेतेरा लाख रुपये कर्ज बसते. माणूस तोच, घर तेच, आणि उत्तरे तीन. शेवटचे वर्ष आधीच्या वर्षांपेक्षा बरेच खाली असेल तर पुष्कळ बँका सरासरी बाजूला ठेवून तेच वर्ष धरतात, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे जी लोक पाहत नाहीत. तो ६,००० रुपयांचा गाडीचा हप्ता एकटा जवळजवळ सात लाखांचे गृहकर्ज खाऊन बसलेला आहे. दोन वेगवेगळ्या संस्थांच्या दरांतील पाव टक्क्यासाठी महिनाभर चकरा मारण्यापेक्षा हातातल्या पैशाने गाडीचे उरलेले कर्ज फेडणे आणि ते बंद झाल्याचे पत्र फाईलला लावणे, हे अशा माणसासाठी अधिक उपयोगाचे ठरते.

आता पर्यायांकडे वळू. सरकारी किंवा मोठ्या खासगी बँकेकडे लगेच अर्ज करायचा, हा पहिला पर्याय. बँकेचा मोठा फायदा दरापेक्षा दराच्या पद्धतीत आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना व्यक्तींची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर) बाह्य मानकाशी जोडावी लागतात आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा त्यांचा फेरआढावा घ्यावा लागतो, त्यामुळे रेपो दर उतरला की त्याचा लाभ ग्राहकाला मागावा लागत नाही. गृहवित्त कंपन्यांवर, म्हणजे बँक नसलेल्या पण मुख्यतः घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थांवर, असे बंधन नाही. त्या स्वतः ठरवलेल्या मूळ दराला कर्ज जोडतात, आणि जुन्या ग्राहकाला तो दर कमी करून घ्यायचा असेल तर बहुधा स्वतः अर्ज करून शुल्क भरावे लागते.

बँकेची अडचण कागदांत आहे. ती विवरणपत्र पाहते, त्यावरची दाखल केल्याची तारीख पाहते, आणि दोन वर्षांची विवरणपत्रे एकाच आठवड्यात भरलेली दिसली की फाईल संशयाने हाताळली जाते. मागच्या वर्षी एका शाखेत मी अशाच फाईलसोबत बसलो होतो. कर्ज अधिकाऱ्याने उत्पन्नाचा आकडा वाचून फारसे काही विचारले नाही, पण खात्याच्या उताऱ्यात ऑगस्टच्या पानावर गाडीचा हप्ता परत गेल्याची जी एक ओळ होती, तिच्यापुढे पेन्सिलीने टिंब केले आणि मार्चच्या शेवटी एकदम भरलेल्या रोख रकमेपुढे दुसरे. पुढचा अर्धा तास चर्चा त्या दोन टिंबांवरच झाली. उत्पन्न कमी होणे समजण्यासारखे असते. हप्ता चुकणे आणि वर्षअखेरीला खात्यात अचानक रोकड येणे, या दोन गोष्टींचे उत्तर तोंडी देऊन चालत नाही.

दुसरा पर्याय गृहवित्त कंपनीचा. या कंपन्या विवरणपत्राच्या पलीकडे जाऊन खात्यातील जमा, कामाचे आदेश, जीएसटीची विवरणे पाहतात, काही तर कामाच्या जागेवर येऊन ग्राहकांशी बोलतात आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधतात. वाईट वर्ष एकटेच असेल आणि चालू वर्षात कामे परत सुरू झालेली खात्यात दिसत असतील, तर येथे मंजुरीची शक्यता नक्कीच अधिक असते. तिची किंमत दरात मोजावी लागते. समजा बँकेचा दर साडेआठ आणि कंपनीचा साडेदहा टक्के आहे. २५ लाखांवर वीस वर्षांसाठी पहिल्याचा हप्ता सुमारे २१,७०० आणि दुसऱ्याचा सुमारे २४,९६० रुपये येतो, म्हणजे महिन्याला सव्वातीन हजारांहून थोडा अधिक फरक.

त्यावर सगळे एकच सांगतात, की आत्ता कंपनीकडून घ्या आणि दोन वर्षांनी बँकेत वळवा. सल्ला चुकीचा नाही, कारण व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, बँकेलाही नाही आणि कंपनीलाही नाही. मात्र कर्ज वळवणे म्हणजे बँकेच्या दृष्टीने नवे कर्ज असते: पुन्हा प्रक्रिया शुल्क, पुन्हा कायदेशीर तपासणी व मूल्यांकन, पुन्हा गहाणाच्या नोंदीचा खर्च. शिवाय नागपुरात हा बेत उत्पन्नापेक्षा मालमत्तेच्या कागदांवर अधिक वेळा फसतो. शहराभोवतीच्या पुष्कळ वस्त्या गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरी न घेता जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांच्या, आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानुसार भूखंड नियमित झाल्याचे नागपूर सुधार प्रन्यासचे (नासुप्र) पत्र, ज्याला आपल्याकडे सरसकट 'आरएल' म्हणतात, ते नसेल तर मोठ्या बँका सहसा फाईल पुढे नेत नाहीत. एखादी कंपनी अशा भूखंडावरही कर्ज देते, ग्राहक खूश होतो, आणि दोन वर्षांनी उत्पन्न छान झालेले असूनही बँक आरएल मागते तेव्हा तो चढ्या दरातच अडकून राहतो. म्हणून कंपनीकडून कर्ज घेतानाच बँकेच्या पॅनेलवरील वकिलाकडून मालमत्तेचे कागद तपासून घ्यावेत. 'कंपनीने कर्ज दिले म्हणजे कागद स्वच्छ असणार' ही समजूत मला तरी महाग पडताना दिसली आहे.

पतसंस्थेचा पर्याय घराच्या पूर्ण किमतीसाठी मी सुचवत नाही. मुदत कमी, व्याज जास्त, आणि जामीनदारांना आयुष्यभर तोंड द्यावे लागते ते वेगळेच.

तिसरा पर्याय थांबण्याचा. याला सर्वाधिक विरोध घरातूनच होतो, कारण भाडे वाया जाते अशी भावना असते. पण हिशेब करून पाहावा. मनीषनगरात महिन्याला १२,००० रुपये भाडे भरणारा वर्षाला १ लाख ४४ हजार देतो. साडेदहा टक्क्यांच्या २५ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी केवळ व्याजापोटी सुमारे २ लाख ६१ हजार जातात आणि मुद्दल चाळीस हजारही फिटत नाही. थांबण्याचा खरा धोका घराची किंमत वाढण्याचा आहे, भाड्याचा नव्हे. पाहून ठेवलेली स्कीम बांधकामाच्या शेवटच्या टप्प्यात असेल आणि भाव चढत असतील तर थांबणे महाग पडेल. जुना फ्लॅट घ्यायचा असेल तर सहसा तितकी घाई नसते.

थांबायचे ठरले तर ते वर्ष कामाला लावले पाहिजे. येणारे पैसे खात्यातून घ्यावेत, आगाऊ कर वेळेवर भरावा आणि उद्गम करकपात (टीडीएस) झालेली प्रत्येक रक्कम २६एएस या आयकर खात्याच्या वार्षिक करजमा विवरणात दिसते का ते पाहावे. डॉक्टर, वकील यांसारख्या ज्या व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची (पूर्ण हिशेब न ठेवता जमेचा ठरावीक भाग उत्पन्न मानण्याची) तरतूद लागू आहे, ते ढोबळ जमेच्या निम्मी रक्कमच दाखवून कर वाचवतात. कर्जासाठीही तीच निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून धरली जाते, हे त्यांना अर्ज करताना पहिल्यांदा कळते. नियमित हिशेब ठेवणाऱ्यांच्या बाबतीत घसारा, म्हणजे यंत्रे-वाहनांच्या झिजेपोटी दाखवलेला खर्च, कर्जाच्या हिशेबात नफ्यात परत मिळवला जातो, त्यामुळे यंत्रे किंवा वाहन घेतलेल्या वर्षाचा कमी नफा वाटतो तितका घातक नसतो.

सहअर्जदाराने या तिन्ही पर्यायांचे गणित बदलते. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असेल तर तिच्या पगारावर बँकेचे दार एक वर्ष न थांबता उघडते. तिचे नाव घरावरही असावे, हा माझा आग्रह असतो, कारण हप्ता चुकला तर पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) दोघांचा घसरतो आणि जबाबदारी पूर्ण रकमेची दोघांवर येते. निवृत्त वडिलांचे निवृत्तिवेतन जोडले तर मुदत आखडते आणि हप्ता वाढतो. ते फारसे फायद्याचे नाही.

मानेवाड्याच्या गृहस्थांना मी गाडीचे कर्ज फेडायला सांगितले, वाईट वर्षाचे कारण एका पानावर लिहून त्याला रखडलेल्या दोन ठेक्यांचे करार आणि चालू वर्षाचे कामाचे आदेश जोडले, आणि पत्नीला सहअर्जदार करून एकाच बँकेत अर्ज केला. चार ठिकाणी एकदम अर्ज केले की प्रत्येकाची चौकशी पतअहवालात नोंदली जाते आणि पाचव्या ठिकाणी त्याचाच प्रश्न निघतो, म्हणून नकार आल्याशिवाय दुसरीकडे जायचे नाही असे ठरले होते. बयाणा त्यांनी आधीच दिला होता, ही मात्र घाई झाली होती. विक्रेत्याशी पुन्हा बोलून, कर्ज नामंजूर झाल्यास बयाणा पूर्ण परत मिळेल आणि रजिस्ट्रीची मुदत तीन महिन्यांनी वाढेल, अशी दोन वाक्ये करारात लिहून घेतल्यावरच अर्ज शाखेत दिला.