भाड्याने आणलेला ब्रेस्ट पंप, ७ आठवडे वापरून झाल्यावर

रेटिंग आधीच सांगते. मशीनला साडेचार, दुकानाला तीन. दुकानाचं नाव लिहीत नाही, मिरजेत हॉस्पिटलांच्या आसपास जी सर्जिकलची दुकानं आहेत त्यातलंच एक, आणि तक्रारी आहेत त्या बहुतेक सगळीकडे सारख्याच असणार.

आधी पंप का लागला ते, कारण ज्यांना नऊ महिने पूर्ण भरून बाळ झालंय त्यांनी हा रिव्ह्यू वाचून उगाच एवढं मोठं मशीन आणू नये. माझं ३१व्या आठवड्यात सीझर झालं. तीन दिवस डोकं दुखत होतं, मी ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं, चेहरा सुजलेला त्याला सगळे "तेज आलंय" म्हणत होते, मग एका सकाळी डोळ्यासमोर काजवे चमकायला लागले तेव्हा नवऱ्याने सांगलीहून सरळ मिरजेला नेलं. बीपी १६०/११०, लघवीत प्रोटीन. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचं दुखणं. बाळाच्या फुप्फुसांसाठी दर १२ तासांनी एक अशी ४ इंजेक्शनं, मला फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम, त्याने अंगात जी आग होते ती कुणी आधी सांगत नाही, मी सिस्टरना म्हणाले पंखा वाढवा तर पंखा फुल्लच होता. दोन दिवस कसेबसे काढले आणि मग डॉक्टर म्हणाले आता थांबण्यात अर्थ नाही.

मुलगी, १३८० ग्रॅम. आमच्या गल्लीतल्या दुकानातली दीड किलोची साखरेची पिशवी यापेक्षा जड असते. तिला सीपॅपवर, म्हणजे श्वासाला हवेचा दाब देणाऱ्या मशीनवर ठेवलेलं, नाकात नळी, पोटात दूध जायला तोंडातून दुसरी नळी. अंगावर पाजायचा प्रश्नच नव्हता कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमायला साधारण ३४ आठवडे उजाडतात. म्हणजे दूध आपण काढायचं आणि त्यांनी सिरिंजने द्यायचं.

पहिले दोन दिवस पंप आणूच नका हे माझं स्पष्ट मत. चीक इतका कमी आणि घट्ट असतो की तो मशीनच्या बाटलीलाच चिकटून राहतो. सिस्टरनी हाताने काढायला शिकवलं, अर्ध्या तासात २ एमएलच्या सिरिंजमध्ये जेमतेम पाऊण एमएल, मी लाजून म्हणाले एवढंच आलंय, तर त्या म्हणाल्या "एवढंच नाही ताई, हे सोनं आहे" आणि कापसाच्या काडीने तिच्या गालाच्या आतून लावलं. तिने जीभ हलवली. मी ते व्हीलचेअरवर बसून काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून बघितलं.

तिसऱ्या दिवशी नवरा पंप घेऊन आला. हॉस्पिटल ग्रेड, दोन्ही बाजूंनी एकदम काढणारा, वजनाला मिक्सरएवढा. डिपॉझिट ५०००, भाडं महिन्याला २५००, शिवाय फनेल (छातीला लावायची कुपी), नळ्या, बाटल्यांचं किट स्वतःचं विकत घ्यायचं, ते १८००. किट दुसऱ्याचं वापरायचं नसतं, कुणी "उकळून दिलंय" म्हणालं तरी घेऊ नका.

आता खरी गोष्ट. किटमध्ये फनेल २८ नंबरचं होतं आणि मला ते मोठं होत होतं, पण मला काय माहीत, मला वाटलं दुखतं ते असंच दुखत असणार. चार दिवस दात-ओठ खाऊन काढलं, कडेला लाल वळ आणि दूध मात्र दोन्हीकडचं मिळून ३०-३५ एमएल. सासूबाई म्हणाल्या बाटलीत दूध काढलं की नजर लागते. शेवटी एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतल्या, एका सिस्टरनी ड्यूटी संपल्यावर थांबून पट्टी घेऊन निपलची रुंदी मोजली आणि म्हणाल्या तुम्हाला २४ पाहिजे, कदाचित २१ सुद्धा चालेल. २४ आणलं, दुखणं त्याच दिवशी थांबलं, आठवड्याभरात एका वेळचं ७० एमएलपर्यंत गेलं. दुकानात काकांना विचारलं तुम्ही साइज विचारत का नाही, तर म्हणाले "सगळ्यांना हेच देतो, कुणाची तक्रार नाही." अहो काका, बाळंतीण बाई तुमच्या काउंटरवर येऊन कशी सांगेल! इथे दोन स्टार कापले.

मशीन मात्र दणकट. आधी भरभर छोटे झटके मग संथ मोठे, हा बदल हाताने करता येतो. आवाज येतो, रात्री तीनला तर तो "घेऊन ये, घेऊन ये" असाच ऐकू यायचा, खोटं वाटेल पण नवऱ्यालाही तेच ऐकू यायचं. बॅटरी नाही. लाईट गेली की बसा, म्हणून ९०० चा हातपंप वेगळा घ्यावा लागला.

डिस्चार्जनंतर मी सांगलीत, मुलगी मिरजेत. दिवसातून आठ वेळा काढायचं, बाटलीवर नाव, तारीख, वेळ, मग थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्यांत घालून नवरा सकाळ-संध्याकाळ गाडीवर पोचवणार. सुरुवातीला तिला दर दोन तासांनी २ एमएल जायचं, माझ्या बाटल्या फ्रिजमध्ये रांगेत उभ्या. बाजूच्या बेडवरच्या बाळाच्या आईला दूध येत नव्हतं, मी विचारलं माझं देऊ का, पण तपासणी आणि पाश्चराइझ केल्याशिवाय दुसऱ्याचं देत नाहीत आणि तिथे मिल्क बँक नव्हती. मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. दूध ६२.५ डिग्रीला अर्धा तास तापवतात, बस. ती सोय आमच्याकडे असती तर माझं जादाचं दूध बेसिनमध्ये ओतावं लागलं नसतं. ते ओतताना मला जे रडू आलं तेवढं ऑपरेशनच्या दिवशी आलं नव्हतं.

एक टीप, दुकानदार सांगणार नाही. बाळाला उघड्या छातीशी धरू द्यायला लागले की, म्हणजे कांगारू केअर, ते झाल्या झाल्या पंप लावा. माझं नेहमीपेक्षा वीस-पंचवीस एमएल जास्त यायचं. मशीन तेच, फनेल तेच.

गरोदरपणाच्या हिशेबाने ३६ व्या आठवड्यात १८५० ग्रॅमला मुलगी घरी आली, अजून दोन आठवडे पंप आणि वाटी-चमचा, मग अंगावर ओढायला लागली. सात आठवडे झाले पण भाडं पूर्ण दोन महिन्यांचं घेतलं. डिपॉझिटमधून ३०० कापले, का तर प्लगच्या वायरला चिरा. ती आधीपासून होती, मी फोटो काढला नव्हता. तुम्ही काढा, आणि पावती जपा, माझी आळिवाच्या लाडवांच्या डब्याखाली सापडली, तुपाने इतकी माखलेली की काकांनी ती उजेडात धरून वाचली.