नागपूरच्या इतवारीतला तर्री पोह्याचा ठेला, मारबतच्या दिवशी नक्की जा

पोहे चांगले आहेत हे आधी सांगून टाकतो. मोकळे असतात, तर्री झणझणीत, चणे नीट शिजलेले, वरून शेव-कांदा हात आखडता न घेता टाकतात. प्लेट 30 रुपये. एकच तक्रार, दहानंतर गेलं की पोहे गार होतात अन् तर्रीवर भागवावं लागते. गाडी लावायला जागा नाही, इतवारीच आहे ती, पायीच जा.

पण हे लिहून राहिलो ते पोह्यासाठी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, काळी 1881 पासून अन् पिवळी 1885 पासून, दोघी नेहरू पुतळ्याजवळ भेटतात, त्या गल्ल्यांमध्ये तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, "घेऊन जा गे मारबत" चा नुसता गजर, अन् त्या गर्दीत पहाटेपासून पोलीस, होमगार्ड अन् मंडळाचे पोट्टे दोर धरून उभे असतात. माझी वहिनी होमगार्डमध्ये आहे. होमगार्डला महिन्याचा पगार नसतो, ड्युटी लागली त्या दिवसाचाच भत्ता, 2024 मध्ये तो 1083 रुपये झाला, पण बंदोबस्त नसला की काहीच नाही. वहिनी आधी सांगायची की ड्युटीवर ती पाणीच पीत नाही, कारण बायकांनी जायचं कुठं? उन्हात आठ-आठ तास. ऐकून मला खूप वाईट वाटलं होतं, घरात राहून मला हे कधी सुचलंच नव्हतं.

या ठेलेवाल्या काका-काकूंचं घर मागच्याच गल्लीत आहे. बंदोबस्ताच्या दिवशी काकू घराचं दार उघडं ठेवतात, लेडीज कॉन्स्टेबल अन् महिला होमगार्ड सरळ आत जातात, कोणी विचारत नाही, बादली भरलेली, साबण ठेवलेला. वहिनी मागच्या वर्षी तिथंच होती, घरी आल्यावर पहिलं तेच सांगितलं, जेवणाआधी.

दुसरी गोष्ट त्यांची वही. आपण दोन प्लेटचे पैसे देऊन एक खायची, दुसरी वहीत रेघ मारून ठेवतात. बंदोबस्तावाला कोणी आला की त्यातली एक रेघ खोडून त्याला प्लेट देतात. मला हे फार पटलं, कारण वर्दीवाल्यानं फुकट खाल्लं की ठेलेवाला पोटात राग ठेवतो अन् खाणाऱ्यालाही ते लागते, इथं ठेल्याचं नुकसान नाही अन् खाणाऱ्याची मान खाली नाही. एका हवालदार साहेबांनी तर खिशातून पैसे काढले, तर काका म्हणाले, "साहेब, हे मोहल्ल्यानं दिलं आहे, मी नाही." मग बसून खाल्लं त्यांनी, दोन मिनिटं खुर्चीवर टेकले, तेवढंही त्यांना सकाळपासून मिळालं नव्हतं.

एक चूक होती ती पण लिहितो. सुरुवातीला वहीतलं फक्त खाकीवाल्यांना मिळायचं, दोर धरणारे पोट्टे राहून जायचे. ते तर कॉलेजमधले, ना भत्ता ना शिटी, अन् गर्दी रेटली की आधी त्यांचेच हात सोलतात. मी काकांना म्हटलं, ते एकदम म्हणाले, "काहून नाही गा, लक्षातच नाही आलं." तेव्हापासून त्यांनाही मिळते. लहान माणसाचं असं ऐकून घेणारा दुकानदार मी कमीच पाहिला.

ऑनलाइन पेमेंट गर्दीत चालत नाही, नेटवर्कच नसते, सुट्टे घेऊन जा. सकाळी 6 ला चालू होते, 11 पर्यंत संपते. तिखट झेपत नसेल तर तर्री अर्धी सांगा. वही काउंटरवर डाव्या बाजूला असते, मागायची, काका स्वतःहून सांगत नाहीत.