लाँगला जुनी गाडी काढायची का? आधी कुठे जायचंय ते सांगा

मामेभाऊ भांडुपला राहतो. गाडी २०१२ ची, पेट्रोल, रनिंग एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, "दादा, मे महिन्यात कुडाळला जायचंय, जूनमध्ये मुलीच्या ॲडमिशनला नागपूरला. गाडी काढू की नको?" त्याचा प्रश्न एक होता, माझी उत्तरं दोन निघाली.

आधी त्या रनिंगचं बघू. एक लाख बेचाळीस हजार ऐकून लोक तोंड वाकडं करतात. पण चाकं किती फिरली एवढंच मीटर सांगतो. हा रोज जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) अंधेरीला जातो. तिथे अर्धा वेळ इंजिन चालू आणि मीटर गप्प. उलट दर आठवड्याला पुण्याला जाऊन येणारी दोन लाख किलोमीटर झालेली गाडी याच्यापेक्षा ठणठणीत असू शकते. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच प्लेट लवकर जाते, आणि रबर तर किलोमीटर मोजतच नाही, वर्षं मोजतं.

हे मी फुकटात शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात बोरघाट चढत होतो. पूर्वी अमृतांजन पूल होता त्याच्या जरा खाली टेम्परेचरचा काटा सरकायला लागला. एसी बंद केला, हीटर फुल्ल सोडला, कारण त्यातून इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते. मागे आई पदराने वारा घेत बसली होती, एक शब्द बोलत नव्हती, तेच जास्त लागत होतं. मग कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, तो गोडसर वास आला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. रेडिएटरचा वरचा पाइप क्लिपच्या कडेला बोटाच्या पेराएवढा चिरला होता. इंजिन उत्तम होतं. आठच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगही झालं होतं, पण गाडीच्याच वयाचा तो पाइप कुणी हाताने दाबून पाहिला नव्हता.

आता कुडाळ. पर्याय तीन: घरची गाडी, भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह, नाहीतर कोकण रेल्वे.

रेल्वेचं कन्फर्म तिकीट हातात असेल तर कुडाळपुरतं पुढचं वाचूच नका, रेल्वेने जा. पण आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीतलं तर बघता बघता संपतं, आणि हा एप्रिलमध्ये जागा झाला. शिवाय बरोबर मामी, दोन मुलं. येताना आंब्याच्या पेट्या आणि एखादा फणस असणारच. (२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा प्रवाशांच्या गाड्या वाहून नेण्याची सोय केली होती. कल्पना मला आवडली, पण भांडुपहून कोलाडपर्यंत गाडी तर चालवायचीच ना.)

भाड्याची गाडी नवी असते, खरं. पण हा आठ दिवस राहणार. त्यातले सहा दिवस ती खळ्यात उभी राहणार आणि भाडं चढत राहणार. गावच्या पाणंदीत दगडी गडग्याला आरसा घासला की डिपॉझिटचा घोर वेगळाच. आपल्या जुन्या गाडीवर आणखी एक ओरखडा आला तर कोण विचारतो? तरी भाड्याने घेणारच असाल तर काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरं आहेत ना ते बघा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी, स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचं घोंगडं भिजत पडतं.

घरच्या गाडीची बाजू इथे मला भक्कम वाटते. मुंबई-गोवा महामार्ग कितीही शिव्या खाण्यासारखा असो, त्यावर गाडी फार पळवता येत नाही, आणि जुन्या गाडीला तेच मानवतं. पळस्प्यापासून पुढे माणगाव, महाड, खेड, चिपळूण, लांजा, कणकवली, कुठेही बंद पडलात तरी गॅरेज आवाक्यात असतं, आणि जुन्या हॅचबॅकचे पार्ट तिथल्या मेकॅनिकला तोंडपाठ असतात. कशेडीला बोगदा झाल्यापासून तो घाटही टळतो. खड्ड्यांत सस्पेन्शनचे बुश मार खातात, पण ते खडखड करून आधी सांगतात तरी. पेट्रोल एका बाजूला साडेतीन हजारांच्या आसपास धरा, आणि ते सगळ्यांत मिळून.

नागपूरचं गणित बरोब्बर उलटं. समृद्धी महामार्ग गुळगुळीत, म्हणजे जुन्या गाडीला सोपा, असं त्याला वाटत होतं. ७०१ किलोमीटर, वेगमर्यादा १२०, सरळ सिमेंट. म्हणजे तास-तास एकाच वेगात टायर आणि इंजिन तापत राहणार, त्यात जूनमधलं विदर्भाचं ऊन. वाटेत गाव लागतं ते इंटरचेंजवरून उतरलात तरच. खेडला तासाभरात निपटणारा बिघाड इथे टोइंगवर जातो. भाड्याची नवी गाडी हे झेपवेल, पण जाऊन-येऊन दीड हजार किलोमीटर होतात आणि बऱ्याच ठिकाणी रोजच्या किलोमीटरला मर्यादा असते. बुकिंगआधी तो आकडा विचारा. मला विचाराल तर रात्री सीएसएमटीला दुरांतोत बसायचं, सकाळी नागपूर. मुलीलाही ॲडमिशनच्या रांगेत झोप झालेली बरी.

रविवारी मोबाईलचा टॉर्च घेऊन त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उकिडवा बसलो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१७, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान शिल्लक. पण बाजूच्या रबरावर उन्हात वाळलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा. "अरे, गोटा कुठे झालाय?" तो म्हणाला. घिसल्याशिवाय टायर बदलणं आपल्याकडे उधळपट्टीच वाटते. स्टेपनी काढली तर ती गाडीबरोबरच आलेली, १२१२.

कुडाळला निघण्याआधी काय करायचं ते त्याला लिहून दिलं. चार टायर आणि स्टेपनी, रेडिएटरचे वरचे-खालचे पाइप, इंजिनचा पट्टा, कुलंट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि उतारावर ब्रेक तापले की नेमका तेव्हाच दगा देतं, म्हणून तेही. बॅटरी तपासून घ्यायची. गॅरेजमधून आणल्यावर लगेच लाँगला नाही. आधी ठाण्यापर्यंत दोन-चार फेऱ्या, मग बॉनेट उघडून गळती बघायची. पीयूसी आणि विमा आहेत. रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतील, तेव्हा आरटीओत नूतनीकरण. दिल्लीतली जुन्या गाड्यांवरची बंदी इथे लागू नाही, त्याने हे दोनदा विचारलं.

बाकी सगळं त्याने केलं. नागपूरची तिकिटंही काढली. स्टेपनी मात्र अजून तीच आहे, "एकदाही लागली नाही रे दादा," म्हणतो. शनिवारी मीच टायरवाल्याकडे घेऊन जाणार आहे.