एसी बसवायला आलेल्या मिस्त्रीनं आधी अर्थिंग तपासलं

वरोरा तालुक्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि आमच्या सासूबाईंची खोली थेट स्लॅबखाली आहे. दुपारी तापलेला स्लॅब मध्यरात्रीनंतरही आग ओकत राहतो. त्यांना बीपीचा त्रास, म्हणून यंदा त्या खोलीला एसी घ्यायचंच ठरलं. ज्या मिस्त्रीकडून काम करून घेतलं त्याच्याबद्दल नीट लिहिते, कारण खेड्यात येऊन असं काम करणारा माणूस लवकर सापडत नाही.

आधी एका दुकानदाराला फोन केला होता. त्यानं खोलीचं माप विचारलं आणि “दहा बाय बारा ना, एक टन घेऊन जा” म्हणून मोकळा झाला. हा मिस्त्री मात्र घरी आला, तोही मुद्दाम संध्याकाळी. त्या वेळी गावातले सगळे कूलर चालू असतात आणि व्होल्टेज पडतं. मोजलं तर 175. मग त्यानं फेज आणि अर्थिंगच्या मध्ये बल्ब लावून पाहिला. बल्ब नुसता लालसर झाला.

“वहिनी, एसीचं मंग पाहू. हे अर्थिंग मेलेलं हाये. तुमचा लोखंडी कूलर याच्यावरच चालते ना?”

माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं, लेकरं दगावतात. टिनाची बॉडी, खाली पाणी, पाण्यात पंप, आणि बहुतेक घरांत त्यात पाणी भरणारी बाईच. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि करंट जमिनीत उतरतच नाही, हे त्यानं सासूबाईंनाही समजेल असं सांगितलं. मोरीच्या मागं, जिथं बारा महिने ओल राहते, तिथं नवा खड्डा घेतला. कोळसा-मीठ भरलं, वरून पाणी टाकायला पाईप ठेवला आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवली. या सगळ्याचे 6,500 रुपये लागले. एसी घ्यायचा नसेल त्यांनीही एवढं काम करून घ्याच, असं मी कळकळीनं सांगते.

टनाचा त्याचा हिशोब वेगळा होता. डब्यावर लिहिलेली क्षमता बाहेर 35 डिग्री धरून मोजलेली असते. आपल्याकडे 45-46 ला तोच एसी कमी थंड करतो. त्यात वर स्लॅब. म्हणून त्यानं दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आणि स्टॅबिलायझर घ्यायला लावला. सोबत स्लॅबवर पांढरा चुना मारून घ्यायला सांगितला, तो आमच्या गड्यानंच मारला.

हॉललाही एसी लावावा असं आमच्या ह्यांच्या मनात होतं. मिस्त्री नको म्हणाला. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो आणि एसीच्या मानानं वीज फारच कमी खातो. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर निकामी, पण तेव्हा हॉलमध्ये पंखा पुरतो. दुसरा एसी विकला असता तर त्याचाच फायदा होता, तरी त्यानं जुन्याच कूलरच्या ताट्या (बाजूच्या, पाणी झिरपणाऱ्या) आणि पंप बदलून दिला. मला हा माणूस पटला तो इथंच.

फिटिंगही जबाबदारीनं केली. बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीला, सज्जाच्या सावलीत. पाईप जोडल्यावर व्हॅक्युम पंप लावून आतली हवा पूर्ण ओढली, गेजचा काटा हलत नाही हे मला दाखवलं, मगच गॅस सोडला. आमच्याकडे माकडांच्या टोळ्या येतात, ती पाईपावरचा फोम ओरबाडून काढतात. त्यानं न सांगता वरून पीव्हीसी पाईप चढवला.

उणिवाही सांगते. दिलेल्या दिवशी तो आला नाही, आणि येत नाही म्हणून फोनही केला नाही. म्हाताऱ्या माणसाला त्या उन्हात वाट पाहायला लावणं मला आवडलं नाही. भिंतीला पाडलेलं भोक बाहेरून तसंच सोडलं, ते गवंड्याकडून बुजवून घ्यावं लागलं. एसीचं पक्कं बिल दुकानाचं मिळालं, पण मजुरी आणि अर्थिंगचं बिल मागितल्यावरच लिहून दिलं. ते आधीच मागा, त्यावर कामाची हमी किती दिवसांची हेही लिहून घ्या.

होळीनंतर हे लोक हाती लागत नाहीत, तेव्हा महाशिवरात्रीच्या आसपासच बोलावून ठेवा. गावात यायचे पेट्रोलचे 200 रुपये तो वेगळे घेतो, ते मला रास्त वाटतात. सोयाबीन निघाल्यावर मळणीच्या धुळीनं बाहेरची जाळी भरते, म्हणून दिवाळीनंतरच्या सर्व्हिसिंगलाही आम्ही त्यालाच सांगून ठेवलं आहे.