सर्दी-खोकला: एकच मिश्र औषध की लक्षणानुसार वेगळी गोळी?

मिश्र औषधात बहुधा तीन-चार घटक एकत्र असतात: ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, वाहत्या नाकासाठी क्लोरफेनिरामिन, चोंदलेल्या नाकासाठी फेनिलेफ्रिन, कोरड्या खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन. सगळी लक्षणं एकदम असतील तर सोयीचं. पण नुसतं नाक वाहत असेल, तर बाकीचे घटक विनाकारण पोटात जातात.

खरा धोका पॅरासिटामॉलचा. मिश्र गोळी घेतली आणि ताप उतरेना म्हणून वर तापाची वेगळी गोळी घेतली, की तोच घटक दुप्पट होतो. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. ती ओलांडली तर यकृताला इजा होऊ शकते, आणि सुरुवातीला काही जाणवतही नाही. वेष्टनावरचं मोठं नाव नव्हे, बारीक अक्षरातले घटक वाचा.

एकेक गोळी घेताना हा हिशोब सोपा जातो. क्लोरफेनिरामिनने गुंगी येते, तेव्हा गाडी चालवायची असेल तर ते वगळता येतं. मिश्र गोळीतून वगळणार कसं? तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा तर नेहमीच्या मात्रेत उपयोग होत नाही, असं अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने म्हटलं.

म्हणून माझं मत सुट्या गोळीच्या बाजूने. रक्तदाब असेल किंवा नैराश्याची औषधं चालू असतील, तर दोन्हींपैकी काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. चार वर्षांखालच्या मुलांना मिश्र औषध स्वतःच्या मनाने देऊच नका.